बर्डीतला पहिला गेमिंग पीसी: पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत, कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, ‘बजेट किती आहे भाऊ?’ आकडा सांगितला की समोरचा पोरगा पॅडवर भराभर नावं लिहितो: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड. खाली बेरीज. ती आपल्या आकड्यापेक्षा हजार-दोन हजारांनी जास्त निघते, मग थोडी घासाघीस होते आणि बेरीज आपल्या आकड्यावर येऊन थांबते. दोघंही खूश. या कागदावर एक ओळ सहसा सगळ्यात शेवटी असते आणि सगळ्यात मोघमही: ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’, म्हणजे पीसीचा डबा आणि त्याला वीज पुरवणारा भाग. कंपनीचं नाव नाही, वॅटचा आकडा असला तर असला. या लेखाचा बराच रोख त्या एका ओळीवर आहे.

पन्नास ते सत्तर हजारांत पहिला गेमिंग पीसी जोडणारा माणूस एकदाच खरेदी करतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो पुढच्या सहा-सात वर्षांच्या खरेदीचा पहिला हप्ता भरत असतो. दोन-तीन वर्षांनी कार्ड बदलतं, मधेच रॅम वाढते, नंतर कधीतरी प्रोसेसर. या सगळ्यात जागेवर राहतात ते मॉनिटर, एसएमपीएस, कॅबिनेट आणि प्रोसेसर जिथे बसतो ते बोर्डावरचं सॉकेट. माझं मत असं की पहिल्या खेपेला या राहणाऱ्या वस्तू नीट घ्याव्यात आणि जाणाऱ्या वस्तूंवर जीव थोडा कमी लावावा. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले याच्या उलटे असतात. तिथे प्रत्येक रुपयाला किती फ्रेम मिळतात याचा तक्ता असतो, आणि तो तक्ता वातानुकूलित खोलीत तयार झालेला असतो. आपला पीसी मे महिन्यात नागपुरात चालायचा आहे.

बाजार म्हणून बर्डीचा स्वभाव आधी समजून घ्यावा. १८१७च्या नोव्हेंबरात ज्या टेकडीवर अप्पासाहेब भोसल्यांच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजा भिडल्या, तिच्या पायथ्याशी आज नागपूरचा सगळ्यात गजबजलेला बाजार आहे. व्हरायटी चौकापासून मेन रोडनं आत गेलं की कपडे, चपला, फेरीवाले. आणि मोदी नंबर २, मोदी नंबर ३ अशा नावांच्या गल्ल्यांत मोबाइल, लॅपटॉप, कॉम्प्युटर. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीच्या इंटरचेंजला एकमेकींना छेदतात. जानेवारी २०२०पासून हिंगणा रोडवरच्या कॉलेजांतली पोरं लोकमान्य नगरहून थेट इथे उतरतात. आसपासच्या गावांहून येणाऱ्यांसाठी मोरभवनचा बसस्टँडही जवळच. तरीही हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखा इलेक्ट्रॉनिक्सचाच बाजार नव्हे. बर्डीतल्या दुकानांचं पोट ऑफिसं, शाळा, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि लॅपटॉप दुरुस्तीवर चालतं. गेमिंगचं गिऱ्हाईक त्यात थोडं. त्यामुळे दुकानात जे पडून आहे तेच ‘बेस्ट’ ठरतं आणि आपण मागितलेलं ‘मागवून देतो, दोन दिवस लागतील’ या खात्यात जातं. ते दोन दिवस थांबावेत. घाईत घेतलेल्या कार्डाशी पुढे तीन वर्षं संसार करावा लागतो.

भावाबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. अमेरिकेत अमुक डॉलरला मिळणारी वस्तू इथे इतकी महाग का, म्हणजे दुकानदार लुटतो का? १९९७मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवरचं आयात शुल्क पुढच्या काही वर्षांत शून्यावर आलं. उरला तो १८ टक्के जीएसटी. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. इंटेलचं आर्क बी५८० हे कार्ड डिसेंबर २०२४मध्ये २४९ डॉलरला आलं. डॉलर ८५ रुपये धरला तर ते २१ हजारांच्या थोडं वर जातं, आणि त्यावर जीएसटी लावला की जवळपास २५ हजार. वाहतूक, वितरक आणि दुकानदार यांचा नफा त्याच्याही वर. तेव्हा भाव करताना दोन-चारशेवर अडून बसण्यापेक्षा वॉरंटी कोण देणार, हे विचारण्यात जास्त पैसे वाचतात.

आता खरेदी. माझ्या मते सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण कार्डावर किती ओझं पडणार हे पडदा ठरवतो. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० बाय १४४०च्या पडद्यावर ३६.९ लाख, आणि फोर-के म्हटल्यावर ८२.९ लाख. एका सेकंदात साठ, शंभर, दीडशे वेळा इतके ठिपके रंगवायचे ते कार्डानं. पहिल्या बजेट पीसीला २४ इंची, १०८० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर पुरे, पण रिफ्रेश रेट मात्र १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वरचा हवा. ६० हर्ट्झला चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ला दर ६.९ मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. घरातला जुना टीव्ही जोडून ‘नंतर पाहू’ म्हणणारे बरेच असतात. पैसे अगदीच आखडले असतील तर तसं करावं, पण मग महागडं कार्डही नंतरच पाहावं.

पडद्याबरोबरच खेळाचा प्रश्न येतो, आणि इथे प्रामाणिकपणा लागतो. मोबाइलवर पबजी आणि सप्टेंबर २०२०च्या बंदीनंतर बीजीएमआय खेळून पीसीकडे वळलेल्या पोरांचा मोठा वर्ग व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ एवढ्यावर खूश असतो. २०१५मध्ये पीसीवर आलेलं जीटीए ५ आजच्या कुठल्याही नव्या कार्डाला जड नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये काढलेलं ‘राजी’सुद्धा साध्या पीसीवर मजेत चालतं. सायबरपंक २०७७ सारख्या खेळाची गोष्ट वेगळी. तिथे कार्ड घाम गाळतं. कुठल्या खेळासाठी पीसी हवाय हे ठरलं नसेल तर विक्रेता ते आपल्यासाठी ठरवतो, आणि त्याला सगळ्यात जड खेळ आवडतो.

ग्राफिक्स कार्डाला बजेटच्या ३५ ते ४० टक्के द्यावेत, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे आणि तो बरोबर आहे. पण या बाजाराची गेल्या काही वर्षांची चाल माहीत असावी. २०२० अखेरपासून दीड-दोन वर्षं कार्डं बाजारातून गायब होती. जी होती ती दुप्पट भावानं जात. मोठं कारण इथेरियम हे आभासी चलन. त्याचं मायनिंग गेमिंग कार्डांवर होत असे. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली, ती कार्डं एका दिवसात बिनकामाची झाली आणि पुढची दोन वर्षं जुन्या मालाच्या बाजारात ओतली गेली. अजूनही फिरताहेत. मायनिंगचं कार्ड म्हणजे हातच लावू नये असं मी म्हणणार नाही. सतत एकाच तापमानाला चाललेली चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे, थर्मल पॅड आणि कधीकधी मेमरी. दुकानदार समोर अर्धा तास खेळ चालवून दाखवत असेल, पंखे कुरकुरत नसतील आणि किंमत नव्याच्या निम्म्याच्या आसपास असेल, तर विचार करावा. ‘चेकिंग वॉरंटी’ नावाच्या सात दिवसांच्या आश्वासनावर मात्र नव्याच्या जवळपास किंमत देऊ नये.

नकली आणि अर्धनकली मालाचा धोका जुन्या कार्डांत जास्त. मूळची जीटीएस ४५० चिप असलेल्या कार्डाचा बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवण्याचा प्रकार जगभर झाला आहे. जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेऊन जावं. खोटं कार्ड असेल तर तो तसा इशारा देतो. आरएक्स ५८०ची गंमत आणखी निराळी. खऱ्या ५८०मध्ये २३०४ शेडर असतात. ‘२०४८एसपी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं चिनी बाजारपेठेसाठीचं कार्ड आतून बरंचसं ५७० आहे, आणि अनोळखी ब्रँडच्या खोक्यांतून हेच ५८० म्हणून मिळतं. याला नकली म्हणता येत नाही, पण खरंही म्हणवत नाही.

नव्यात काय घ्यावं? एएमडीचं आरएक्स ६६०० ऑक्टोबर २०२१चं आहे, त्यात ८ जीबी मेमरी आहे, ते १३२ वॅट खातं आणि १०८०ला अजूनही इमानदारीनं काम करतं. बजेट पीसीच्या जगात एवढं लांब आयुष्य क्वचित कुणाला मिळालं. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० जून २०२३चं. ते ११५ वॅटवरच चालतं, आणि उष्ण गावात हा आकडा मला फ्रेमच्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो. त्यानंतरचं ५०६० मे २०२५मध्ये आलं तेही ८ जीबीचंच. २०२३मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ पीसीवर आला तेव्हापासून ८ जीबी अपुरे पडू लागल्याची ओरड आहे. ती खोटी नाही, पण ती टेक्स्चर ‘अल्ट्रा’वर ठेवणाऱ्यांची ओरड आहे. ‘हाय’वर आणलं की १०८०ला अजून भागतं. बी५८०त १२ जीबी आहेत आणि किंमतही रास्त. मात्र त्याला रिसायझेबल बार नावाची सोय असलेला बोर्ड लागतो. जुन्या पीसीत ते बसवलं तर खेळ अडखळतो. आणि एक कार्ड नाव घेऊन टाळावं: आरएक्स ६५०० एक्सटी. ४ जीबी मेमरी, बोर्डाशी बोलायला फक्त चार लेन. जुन्या पीसीआय-ई ३.० बोर्डात ते आणखी लंगडतं, आणि स्वस्तातलं कार्ड घेणाऱ्याकडे बोर्ड नेमका जुनाच असतो.

प्रोसेसरवर पोरं सगळ्यात जास्त वाद घालतात, आणि १०८०च्या बजेट पीसीत त्यानं सगळ्यात कमी फरक पडतो. समाजमाध्यमांवर ‘आय-७ गेमिंग पीसी, फक्त अमुक हजार’ अशा जाहिराती फिरतात, त्यांच्याविषयी मात्र बोलायला हवं. आय-७ कुठल्या पिढीचा, हे तिथे लिहिलेलं नसतं. जानेवारी २०११च्या आय-७ २६००मध्ये चार कोअर, आठ थ्रेड. जानेवारी २०२२च्या आय-३ १२१००एफमध्येही चार कोअर, आठ थ्रेड. दोघांमध्ये अकरा वर्षं आहेत, आणि हा नवा आय-३ त्या जुन्या आय-७ला प्रत्येक खेळात मागे टाकतो. जुन्या ऑफिसांतून निघालेली ही मशिनं नवा चकचकीत कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे पंखे चढवून विकली जातात. त्यांची आणखी एक अडचण: विंडोज १०चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. व्हॅलोरंट विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. म्हणजे ज्या खेळासाठी पीसी घेतला, नेमका तोच दार लावून घेतो.

निवड खरं तर सॉकेटची करायची. इंटेलचं एलजीए १७०० हे १२व्या, १३व्या, १४व्या पिढीचं; ते आता बंद झालेलं दार आहे, पण आय-३ १२१००एफ किंवा आय-५ १२४००एफ आणि एच६१० बोर्ड ही जोडी स्वस्त पडते. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६पासूनचं. २०१८च्या बी४५० बोर्डावर बायोस अद्ययावत करून २०२२चा रायझन ५ ५६०० चालतो, आणि उद्या जुन्या बाजारात ५७००एक्स३डी सापडला तर तोही बसतो. एएम५ सप्टेंबर २०२२ला आलं, आणि २०२७पर्यंत तरी ते चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलं आहे. राहणाऱ्या वस्तू नीट घ्याव्यात या न्यायानं एएम५ घ्यावं असं मी २०२५च्या मध्यापर्यंत बिनदिक्कत लिहिलं असतं. पण एएम५ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि रॅमनं मध्यंतरी सगळा हिशेब उधळला.

२०२५च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव चढू लागले आणि वर्ष संपेपर्यंत डीडीआर५चे संच दुपटीपलीकडे गेले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात जास्त पैसा आहे, म्हणून सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन बड्या कंपन्यांनी तिकडे मोर्चा वळवला. डीडीआर४चं उत्पादन तर आधीच आवरतं घेतलं जात होतं, त्यामुळे जुनी म्हणून ती स्वस्त राहील हा आडाखाही चुकला. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉननं आपला ‘क्रुशिअल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बर्डीत तोवर ‘क्रुशिअल टाकून देऊ का?’ हा प्रश्न सवयीचा होता. आता काउंटरवर रॅमचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि कोटेशनवर ‘आजचाच रेट’ असा शेरा. याला दुकानदाराची चलाखी समजू नये. त्यालाही माल तसाच मिळतो.

अशा काळात काय करावं? ज्याच्याकडे किंवा ज्याच्या ओळखीत जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम पडून आहे, त्यानं डोळे झाकून एएम४ किंवा डीडीआर४चा एच६१० बोर्ड घ्यावा. सगळं नवंच घ्यायचं असेल तर १६ जीबीवर थांबावं. ३२ची हौस पुढे. एक पट्टी की दोन, या जुन्या वादाचं उत्तर कार्डावर अवलंबून आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर १६ जीबीची एकच पट्टी लावून दुसरी जागा रिकामी ठेवणं, थोडा वेग गेला तरी, आजच्या भावात शहाणपणाचं. पण रायझन ५ ५६००जीसारख्या अंगच्या ग्राफिक्सवर खेळायचं असेल तर ८-८च्या दोनच पट्ट्या हव्यात. तिथे ग्राफिक्सलाही रॅमच वापरावी लागते. डीडीआर४-३२००ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी पुरवते, दोन मिळून ५१.२. तुलनेसाठी आरएक्स ६६००च्या स्वतःच्या मेमरीचा वेग २२४ जीबी आहे; वेगळं कार्ड का लागतं ते या एका आकड्यावरून कळावं. तरी ज्याचं बजेट पस्तीस-चाळीस हजारांतच आटपतं, त्याला ५६००जीचा मार्ग वाईट नाही. वर्षभर व्हॅलोरंट आणि सीएस २ खेळावं, पैसे साठवावेत, मग कार्ड घालावं. त्यासाठी एसएमपीएस मात्र आजच कार्ड पेलेल असा घ्यायचा.

आलो एकदाचे त्या मोघम ओळीवर.

कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेलं असतं. त्याच्या बाजूचं लेबल वाचावं. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते पाहायचं आणि १२नं गुणायचं. तिथे १५ अँपिअर असेल तर हातात आले १८० वॅट. बाकीचा आकडा खोक्यावरच राहिला. आरएक्स ६६०० आणि रायझन ५ ५६००चा पीसी खेळताना सुमारे अडीचशे वॅट ओढतो. अशा एसएमपीएसवर तो सुरू होईल, डेस्कटॉप दिसेल, दुकानात सगळं छान वाटेल. घरी खेळाच्या तिसऱ्या मिनिटाला बंद पडेल, आणि जाताना कधीकधी बोर्डालाही घेऊन जाईल. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ या कार्यक्षमतेच्या मानांकनाचा, ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा. त्याला पाच वर्षांपर्यंत वॉरंटी मिळते. फरक दोन-तीन हजारांचा असतो, आणि तो कार्डातून कापावा लागला तरी कापावा.

नागपुरात हा आग्रह आणखी वाढतो. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंश तापमानात होते. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. मे २०२४मध्ये तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचा खुलासा केला. (नागपूरकरांचा त्या खुलाशावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही.) बाहेर ४५ असताना वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८-४० सहज असतात. कार्ड आणि प्रोसेसरचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं: २५ अंशांच्या खोलीत ६८ला राहणारं कार्ड ४०च्या खोलीत ८०च्या पुढे जातं, पंखे किंचाळतात आणि चिप स्वतःचा वेग कमी करते. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना ठोकताळा आहे. म्हणून १०५ अंशांना मानांकित कपॅसिटर असलेला एसएमपीएस आणि ८५ अंशांचा, यांत आपल्याकडे वर्षांचा फरक पडतो.

कॅबिनेट निवडताना पुढची बाजू काचेची असेल तर सोडून द्यावा. दिवे सुंदर दिसतात, पण हवा आत जायला वाट नसते. पुढे जाळी, पुढे दोन पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. जाळीमागे निघणारा, धुता येणारा फिल्टर हवा, कारण आपल्याकडे मार्च ते जून धूळ कुठे नसते? लिक्विड कूलिंगचा मोह या बजेटात धरू नये. प्रोसेसरबरोबर खोक्यात येणारा पंखा ६५ वॅटच्या प्रोसेसरला पुरतो.

आणि कूलर. इथल्या प्रत्येक घरात उन्हाळ्यात खिडकीला लागणारा, वाळ्याच्या किंवा गवताच्या टट्ट्यांचा डेझर्ट कूलर. खोली थंड होते म्हणून तो पीसीलाही बरा, पण त्याच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नये. झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्यातले क्षार बोर्डावर पांढरे बसतात. झोताच्या बाजूला, जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून थोडं सोडून ठेवावा. जुलैत ओलसर हवेत कूलर तसाच चालू ठेवायची सवय असेल तर पीसीसाठी ती मोडावी.

विजेचं म्हणाल तर आधी अर्थिंग तपासून घ्यावं. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे तार नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि सगळे एसएमपीएसला दोष देतात. वायरमनला आधी बोलवावं. यूपीएस साधारणपणे ६०० व्हीएचा विकला जातो, जो प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. खेळ सुरू असताना लाइट गेली तर काही मिनिटं मिळतात. तेवढ्यात पीसी नीट बंद करायचा, मॅच पुरी करायची नाही. स्वस्त यूपीएसची पायऱ्या-पायऱ्यांची विद्युतलहर काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही, म्हणून दोन्ही एकत्र चालवून पाहावेत. बिलाचा हिशेब सोपा आहे: अडीचशे वॅट, रोज चार तास, म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस. महावितरणच्या दरात १०० युनिटांनंतर पुढचा टप्पा लागतो, आणि घराचा वापर ९०वर असेल तर या तिसांतले वीस युनिट महाग पडतात. बाबांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एसएसडीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एनव्हीएमईची घ्यावी, शक्यतो १ टीबी, कारण हल्ली एकेक खेळ शंभर जीबी खातो. तिसरी पिढी की चौथी, हे खेळताना जाणवत नाही. हार्ड डिस्क जुनी असेल तर सिनेमांसाठी राहू द्यावी.

आता बिल. ‘पक्कं पाहिजे की कच्चं?’ हा प्रश्न बर्डीत मराठीत येईल, हिंदीत येईल, पण येईल. कच्च्यात १८ टक्के सुटतात असं वाटतं. प्रत्यक्षात तेवढे कधीच सुटत नाहीत, दोन-तीन हजार कमी होतात एवढंच. त्या बदल्यात सगळ्या वॉरंटीचा आधार दुकानदाराच्या आठवणीवर राहतो. पक्क्या जीएसटी बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. प्रोसेसर ‘ट्रे’चा की खोक्यातला, हेही विचारावं, ट्रेच्या प्रोसेसरवर एएमडी किंवा इंटेल थेट तीन वर्षांची वॉरंटी देत नाही, जी काही असते ती विक्रेत्याची. ब्रँडचं सेवा केंद्र नागपुरात आहे की कार्ड कुरिअरनं मुंबईला जाणार, हे खरेदीआधी कळलेलं बरं, कारण तिथे महिना जाऊ शकतो.

ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, आणि बर्डीतले दुकानदारही ते मान्य करतात. मी स्वतः मिश्र मार्गाच्या बाजूचा आहे. प्रोसेसर, रॅम, एसएसडी या सहसा न बिघडणाऱ्या वस्तू जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्याव्यात, खोका उघडतानाचा व्हिडिओ काढून. बोर्ड, एसएमपीएस, मॉनिटर आणि जमलं तर कार्ड बर्डीतून. बोर्ड नव्या प्रोसेसरसाठी बायोस मागत असेल तर दुकानातलाच पोरगा दहा मिनिटांत करून देतो, मॉनिटरवर मेलेला पिक्सेल असेल तर तिथल्या तिथे दिसतो, आणि वॉरंटीच्या भांडणासाठी समोर एक चेहरा असतो. सगळं बाहेरून आणून फक्त जोडून घ्यायला गेलात तर मजुरी द्यावी, आणि ती देताना तोंड वाकडं करू नये.

लॅपटॉपच का नको, असा प्रश्न घरातून येतोच, विशेषतः इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली असेल तर. हॉस्टेलवर राहायचं असेल तर लॅपटॉपच घ्यावा, वाद नको. घरी राहणाऱ्यासाठी त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त देतो, दुरुस्त होतो, वाढवता येतो, आणि चाळीस अंशांच्या खोलीत बोटभर जाडीच्या डब्यातून उष्णता बाहेर काढायची कसरत त्याला करावी लागत नाही. प्लेस्टेशनही पर्याय आहे. पण त्यावर प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहिता येत नाही, आणि घरच्यांना पटवताना तो मुद्दा उपयोगी पडतो.

घरी जोडणं अवघड नाही. एक स्टार स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ टेबल, एक दुपार. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, जोर लावायचा नाही. रॅमला मात्र ‘टक’ आवाज येईपर्यंत जोर लागतोच. मॉनिटरची केबल बोर्डात लावण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यासाठी नियम करायला हवा: केबल कार्डातच. नावात ‘एफ’ असलेला, म्हणजे अंगचं ग्राफिक्स नसलेला, प्रोसेसर असेल तर बोर्डात लावल्यावर पडदा काळाच राहतो आणि लोक नवं कार्ड खराब समजून परत घेऊन जातात. सुरू झाल्यावर बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू करावं, नाहीतर ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर रेंगाळते. विंडोजमध्ये जाऊन मॉनिटर १४४ हर्ट्झवर टाकावा. घेतलेला १४४चा पडदा वर्षभर ६०वर चालवणारे सापडतात. आणि सगळे खोके माळ्यावर ठेवावेत, सिरियल नंबरच्या पट्ट्यांसकट. दोन वर्षांनी हे कार्ड विकून पुढचं घ्यायचं ठरलं की बर्डीत खोका आणि पक्कं बिल असलेल्या कार्डाचा भाव वेगळाच बोलला जातो.